सह्याद्रीचें रान, पाणी आणि माती : डोंगरचा शेतकरी व देशावरचा शेतकरी

गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पहाटे उतरणाऱ्या मालाकडे पाहिलें असतां पुणें जिल्ह्याचा व आसपासच्या मुलखाचा नकाशाच डोळ्यांपुढें उभा राहतो. मुळशी, मावळ व भोर येथील आंबेमोहर आणि इंद्रायणी तांदूळ, जुन्नर-खेडचा कांदा, मंचरचा बटाटा, नारायणगांवचे टोमॅटो, पुरंदरचे अंजीर व सीताफळ, महाबळेश्वर-पांचगणीकडील स्ट्रॉबेरी, दौंडचा गूळ, इंदापूरचें डाळिंब असा सारा माल एका आवारांत येतो. विक्री झाल्यावर शेतकऱ्याच्या हातीं जी पट्टी पडते तींत हमाली, तोलाई, गाडीभाडें अशीं कलमें लिहिलेलीं असतात. एक कलम मात्र कोणत्याही पट्टींत सांपडावयाचें नाहीं. तें म्हणजे डोंगराचें देणें. वर सांगितलेल्या मालापैकीं कांहीं डोंगरावर पिकतो आणि उरलेला बहुतेक डोंगरावरून आलेल्या पाण्यावर पिकतो. असें असूनही सह्याद्रीच्या रक्षणाचा विषय निघाला कीं तो वाघ-बिबळ्यांच्या हौशी अभ्यासकांचा आहे, शेतकऱ्यास त्याशीं कर्तव्य नाहीं, असें आमच्या पुष्कळ बंधूंस वाटतें. आमचें मत अगदीं उलट आहे. डोंगर जें धरून ठेवीत नाहीं तें सर्व खालीं आपल्या शेतांत उतरतें. पाणी पुराच्या रूपानें, माती गाळाच्या रूपानें आणि जनावर भक्ष्याच्या शोधांत. तेव्हां या तिहींचा विचार एकत्र करणें व तो शेतकऱ्याच्या दृष्टीनें करणें अवश्य आहे.

पाण्याचा हिशेब

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारें १,६०० किलोमीटर लांब पसरलेली ही पर्वताची ओळ सहा राज्यांतून जाते. आपल्या बाजूस तिला आपण सह्याद्रि म्हणतों. गोदावरी त्र्यंबकेश्वरीं, भीमा भीमाशंकरीं व कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. तिन्ही नद्या पश्चिम समुद्रापासून थोड्याशा अंतरावर जन्म घेऊन त्याकडे पाठ फिरवितात आणि त्यांचें पाणी सारा दख्खन ओलांडून पूर्वसमुद्रास मिळतें. त्यांच्या या उफराट्या वाटेवरच आपली शेती उभी आहे.

पावसाचें मान पाहिलें म्हणजे डोंगराचें महत्त्व अधिक स्पष्ट होतें. महाबळेश्वरास वर्षास सरासरी २२० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरही कित्येक वर्षीं २०० इंचांचा आंकडा ओलांडला जातो. तेथून पुण्यास यावें तों हेंच मान २८ इंचांवर येतें, आणि दौंड-बारामतीकडे १८ ते २० इंचांवर. म्हणजे घाटमाथ्यावरून तेथपर्यंत येतां येतां मान दहा-बारा पटींनीं घटतें. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर एक लाख लिटरांहून थोडें अधिक पाणी पडतें. घाटमाथ्यावरील एका एकरावर २०० इंच पडले तर तें दोन कोटी लिटर होतें. हें पाणी चार महिन्यांत, त्यांतूनही बहुतेक दोन महिन्यांत, येऊन जातें. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांची साठवण मिळून सुमारें २९ टीएमसी, म्हणजे २,९०० कोटी घनफूट आहे. पुणें शहराचा नळ आणि दौंड-इंदापूरपर्यंत जाणारा मुठा उजवा कालवा या एकाच रांजणावर अवलंबून आहेत, व दर उन्हाळ्यांत शहर आणि शेती यांचा तंटा याच रांजणाच्या तळाशीं होतो. परंतु रांजण भरणारें पाणी ज्या उतारांवरून येतें त्या उतारांची स्थिति काय आहे, याची चौकशी त्या तंट्यांत सहसा कोणी करीत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडें लावलीं कीं पाऊस वाढतो, असें आम्ही म्हणत नाहीं. झाड स्वतःही पाणी पितें. रानाचें खरें काम निराळें आहे. सह्याद्रीचा खडक काळ्या पाषाणाच्या थरांचा बनलेला आहे. एका थराखालीं दुसरा थर, मध्यें भेगा व ठिसूळ मुरूम. पृष्ठभागावर पालापाचोळा, मुळांचें जाळें व गांडुळांनीं पोखरलेली माती असेल, तर पावसाचा थेंब आधीं पानावर, मग पाचोळ्यावर आदळतो, त्याचा जोर मोडतो आणि तो भेगांत शिरतो. पुढें तोच मार्गशीर्ष-पौषापर्यंत झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडत राहतो. उतार बोडका असेल तर थेंब मातीवर घणासारखा बसतो, छिद्रें बुजतात, आणि पाणी माती घेऊन धांवत सुटतें. धांवत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर माती वाहून नेण्याची त्याची शक्ति दुपटीनें नव्हे, कित्येक पटींनीं वाढते. एक इंच माती तयार व्हावयास शतकें लागतात. ती एका आषाढांत जाऊं शकते आणि गेलेली धरणाच्या पोटांत बसते, तेथून ती परत आणण्याचा खर्च कोणासही झेपत नाहीं.

याचें उदाहरण पाहावयास घाटमाथ्यापर्यंत जावयासही नको. मार्केट यार्डापासून फार दूर नसलेल्या भागांतून वाहणारा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो. हे डोंगर सह्याद्रीपासून पूर्वेस निघालेल्या सिंहगड-भुलेश्वर रांगेचेच होत. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजेस तलाव बांधून तेथील पाणी शहरांतील हौदांस आणलें, तें याच खोऱ्याचें. पुढें टेकड्यांच्या अंगावर बांधकामें चढलीं, ओढ्याचें पात्र आंवळलें गेलें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रज-सहकारनगर भागांत अवघ्या कांहीं तासांत जो पाऊस कोसळला त्यानें याच ओढ्यास पूर येऊन माणसें, गुरें व गाड्या वाहून गेल्या. पेशव्यांच्या वेळीं ज्या डोंगराचें पाणी धरून ठेवून शहर प्यालें, त्याच डोंगराचें पाणी न धरल्यामुळें तें शहरावर चालून आलें.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत या विषयाचें मर्म सांगून ठेविलें आहे. डोंगरावरील पालापाचोळा व जनावरांचें शेणमूत कुजून पावसाबरोबर खालच्या शेतांत येतें व जमिनीचा कस राखतें, म्हणून ठिकठिकाणीं ताली व बंधारे घालून पाणी मुरवावें, असें त्यांचें प्रतिपादन होतें; आणि त्याच ग्रंथांत, जंगलखात्यानें कुंपणें घालून गरीब शेतकऱ्याच्या गुरांचें चरणें बंद केल्याबद्दल त्यांनीं त्या खात्याचा कडक समाचारही घेतला आहे. डोंगर राखावा आणि डोंगरांतील माणसासही राखावें, या दोन गोष्टी त्यांनीं एकमेकींपासून सोडविल्या नाहींत. पुढच्या काळांत त्या सुटल्या, आणि बहुतेक अनर्थ तेथून सुरू झाला असें आमचें मत आहे.

राब, वरकस आणि पडकई

डोंगरांतील शेतकरी रान तोडतो, असा आरोप देशावरून नेहमीं होतो. तो कां तोडतो हें पाहूं.

भाताच्या रोपासाठीं दाढ भाजण्याची, म्हणजे राबाची, चाल मावळांत व कोंकणांत फार जुनी आहे. फाल्गुन-चैत्रांत ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून त्यांच्या कवळ्या बांधावयाच्या, शेणाचा थर, त्यावर कवळ्या, त्यावर गवत-पाचोळा व वर बारीक माती असें रचून पेटवावयाचें. या छाटणीवरून जंगलखातें व शेतकरी यांच्यांत इतका विरोध वाढला कीं मुंबई सरकारास १८८५ सालीं त्याच्या चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजांत हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनीं राबाची शास्त्रीय तपासणी करून ती १९१२ सालीं प्रसिद्ध केली, आणि मातीस बसणाऱ्या आंचेनें तिच्या गुणांत काय पालट होतो याचा त्यांत विचार केला. सांगण्याचें तात्पर्य, राब ही अडाण्याची खोड नव्हे. तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते, रोप जोमानें येतें व सहज उपटतें. जो राब सोडा म्हणतो त्यानें हे फायदे दुसऱ्या वाटेनें मिळवून दिले पाहिजेत.

ती वाट आतां उपलब्ध आहे. गादीवाफ्यावर रोप करावें आणि वाफ्यांत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. तिच्यांतील सिलिकेमुळें रोप कणखर होतें व खोडकिडीस कमी बळी पडतें. बांधावर गिरीपुष्प लावावें; त्याचा हिरवा पाला गुंठ्यास ३० किलो या मानानें लावणीपूर्वीं आठवडाभर खाचरांत पसरून चिखलणी करावी. डॉ. नारायण सावंत यांनीं प्रसृत केलेल्या चारसूत्री पद्धतींतील हीं दोन सूत्रें होत. नियंत्रित लावण व खताच्या गोळ्या हीं उरलेलीं दोन. गिरीपुष्पाची फांदी पावसाच्या तोंडीं लावली तर विशेष निगा न राखतां जगते व बांधही धरून ठेवते. ज्या गांवानें बांधावर गिरीपुष्प लावलें त्यास ऐनाच्या झाडावर कोयता घेऊन चढण्याचें कारण उरत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं जे भातकरी आहेत त्यांनीं हा प्रयोग निदान चार गुंठ्यांवर करून पाहावा.

यापेक्षां अवघड प्रश्न उताराच्या जमिनीचा. वरकस जमिनींत नाचणी-वरी घेऊन दोन-चार वर्षांनीं ती पड टाकण्याची रीत कुटुंबें वाढल्यावर व जमिनीचे तुकडे पडल्यावर चालेनाशी झाली. आंबेगांव-जुन्नरकडील महादेव कोळी शेतकऱ्यांनीं यावर पूर्वापार एक उपाय केला होता, त्याचें नांव पडकई. उतार हातानें खणून, निघालेल्या दगडाची ताल रचून, मागें माती भरून भाताचें खाचर तयार करावयाचें. आज याच्या शेतावर सर्वांनीं खपावयाचें, उद्यां त्याच्या. हें काम मंद असे, आणि त्याचा मंदपणा हाच त्याचा गुण होता. दर पावसाळ्यांत नवी ताल कोठें फुगते, पाणी कोठून झिरपतें, हें पाहून पुढचें पाऊल टाकलें जाई.

३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा कडा घसरून आला आणि सुमारें दीडशें माणसें घरांसह गाडलीं गेलीं. कारणांविषयीं मतभेद झाले. कोणी अतिवृष्टीस मुख्य मानलें, कोणी झाडें गेल्यास. अलीकडे पडकईचें काम यंत्रांनीं केल्यामुळें उतार सैल झाला, असेंही पुष्कळांनीं म्हटलें. त्यावर डोंगरांतील लोकांचें उत्तर असें कीं, आम्हांस पोट आहे आणि सपाट जमीन नाहीं. खाचर न करावें तर करावें काय? आम्हांस दोन्ही बाजूंचें म्हणणें विचारार्ह वाटतें. खाचरें करणें हा दोष नव्हे. हातानें दहा वर्षांत करावयाचें काम यंत्रानें दहा दिवसांत उरकणें हा दोष. यंत्रास डोंगराच्या पोटांतलें पाणी दिसत नाहीं. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळवाडी अशींच दरडीखालीं गेलीं, तेव्हां हा प्रश्न एका गांवाचा किंवा एकाच कारणाचा राहिलेला नाहीं.

डोंगरउतारावर खाचर करणाऱ्यानें पुढील पथ्यें पाळावींत. ताल सुक्या दगडाची असावी व तिच्यांतून पाणी झिरपूं द्यावें. प्रत्येक खाचरास दगडी सांडवा ठेवावा आणि एकाचें पाणी दुसऱ्यांत बेतानें उतरवावें. वस्तीच्या डोक्यावरच्या उतारास कुदळ लावूं नये, तेथें रानच राहूं द्यावें. माथ्यावर आडव्या भेगा दिसल्या, झाडें किंवा विजेचे खांब कलूं लागले, नितळ झरा एकाएकीं गढूळ झाला किंवा नवीनच जागीं पाणी फुटलें, दारें-खिडक्या अडकूं लागल्या, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहतां घर सोडावें. भांडीं मागाहून आणतां येतात.

रानांतील जनावर आणि शेतांतील जनावर

आतां वन्य प्राण्यांकडे वळूं. कोयना व चांदोली येथील रानें मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचें क्षेत्र सुमारें १,१६५ चौरस किलोमीटर आहे. वाघ तेथें पूर्वींपासून विरळाच. मग एवढें रान कशाकरितां, असें विचारणाऱ्यास आम्ही नकाशा पाहावयास सांगूं. तेंच रान कोयना व वारणा या दोन धरणांच्या माथ्यावरचें छप्पर आहे. १९५८ सालीं गव्यांसाठीं राखलेलें दाजीपूर-राधानगरीचें रान तें राजर्षि शाहू महाराजांनीं आरंभिलेल्या राधानगरी धरणाचें पाणलोट. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालचें, आपल्या राज्यप्राण्याचें, शेकरूचें, घर. तेथेंच भीमेचा उगम. वाघ-गव्याच्या नांवानें जें राखलें गेलें तें खालच्या शेतकऱ्याचें पाणीच होय. २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या पश्चिम घाटांतील ३९ स्थळांपैकीं कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं चार महाराष्ट्रांतील आहेत, तींही याच ओळींतलीं. मात्र या रानांसाठीं कोयना-चांदोलीकडील कित्येक गांवांस आपलें घरदार सोडून उठावें लागलें, ही गोष्ट छपराखालीं बसणाऱ्यानें विसरूं नये.

प्राणीही रान राखण्यास हातभार लावतात. धनेश पक्षी फळें गिळून बिया मैलोगणती दूर टाकतो. सातेरी मधमाशी रानांत फुलोरा नसतां शेतांत येते व कारळा आणि स्ट्रॉबेरीचें फूल फळवून जाते. २०२२ सालीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, तें कांहीं केवळ मधाच्या गोडीमुळें नव्हे.

बिबळ्याची गोष्ट निराळी. ती आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या दाराशीं येऊन बसली आहे. 'रान तोडलें म्हणून बिबळ्या गांवांत आला' हें वाक्य सभांतून नेहमीं ऐकूं येतें. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, वडज, येडगांव, डिंभें इत्यादि धरणांचें पाणी जुन्नर, आंबेगांव, शिरूरच्या शेतांत पोंचलें, त्यावर ऊंस आला, आणि ऊंस हें वर्षभर उभें राहणारें, दाट, ओलसर व माणसाच्या वर्दळीपासून दूर असें नवें रानच झालें. बिबळी त्यांत विते. तेथें वाढलेल्या पिलास डोंगर ठाऊकही नसतो. भक्ष्यास कुत्रीं, शेळ्या व डुकरें वस्तीभोंवतीं तयारच. म्हणजे डोंगरावरून पाणी खालीं आलें आणि त्याच्या पाठोपाठ रानही. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जुन्नरकडील बिबळे मोठ्या संख्येनें पिंजऱ्यांत धरून दूरच्या रानांत सोडण्यांत आले. पुढें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरील हल्ले उलट वाढल्याचें दाखविलें. ओळखीचा मुलूख सुटलेलें जनावर बिथरतें, आणि मोकळ्या झालेल्या जागीं नवें जनावर येतें.

परंतु अभ्यासकाचा निष्कर्ष आणि मूल गमावलेल्या आईचें दुःख हीं एका तराजूंत घालतां येत नाहींत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत लहान मुलांसह माणसांचे बळी गेले आणि लोकांनीं रस्ते रोखले. अशा वेळीं माणसास चटावलेल्या जनावराचा तत्काळ बंदोबस्त झालाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनांत संदेह नाहीं. सरसकट पिंजरे लावून मात्र प्रश्न सुटावयाचा नाहीं. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनीं व वरूनही जाळीनें बंद असावा. दिवे लागणीपासून मुलांस अंगणांत एकटें सोडूं नये. खालीं बसलेलें वा वाकलेलें माणूस जनावरास लहान भक्ष्य भासतें. घराभोंवतीं पन्नास-साठ फूट ऊंस घेऊं नये. तोडणीच्या वेळीं पिलें सांपडलीं तर हात न लावतां वनखात्यास कळवावें. तीं जागींच सुखरूप ठेविलीं तर बिबळी रात्रीं येऊन उचलून नेते, न सांपडलीं तर तीच चवताळून त्या शिवारांत घिरट्या घालते. आणि शेतीची वीज दिवसा मिळावी ही शेतकऱ्याची मागणी बिबळ्याच्या मुलखांत सोयीची नसून जिवाची आहे; रात्रीं दोन वाजतां दारें धरावयास उंसांत जाणाऱ्या माणसास संरक्षणाच्या दुसऱ्या कोणत्याही युक्तीचा उपयोग नाहीं.

कायदा, भय आणि खर्चाचा प्रश्न

केंद्र सरकारनें २०१० सालीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं पश्चिम घाटासाठीं तज्ज्ञांची समिति नेमली. तिनें ऑगस्ट २०११ मध्यें दिलेल्या अहवालांत सारा घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी केल्या आणि अखेरचा विचार ग्रामसभांनीं करावा असें सुचविलें. विरोध झाला. कस्तुरीरंगन यांच्या समितीनें एप्रिल २०१३ मध्यें सुमारें ३७ टक्के क्षेत्रच निर्बंधाखालीं घ्यावें असें सांगितलें. पुढें २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत अधिसूचनेचा मसुदाच पुनःपुन्हां निघाला. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यांत महाराष्ट्राचें १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. केरळांत वायनाडची दरड कोसळून शेंकडों माणसें गेलीं त्याच्या दुसऱ्याच दिवशीं तो निघाला, हा योगायोग विदारक आहे.

मसुद्यांतील बंदी खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजकेंद्रें, अतिप्रदूषक कारखाने व प्रचंड बांधकामें यांवर आहे, नांगरावर नाहीं. तरी डोंगरांतील शेतकरी भितो. त्याचें भय मूर्खपणाचें आहे असें म्हणणाऱ्यांनीं मुळशी आठवावी. १९२१ सालीं मुळशी पेट्यांतील मावळ्यांनीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला, धरण झालेंच, आंबेमोहराचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. सार्वजनिक हिताचा खर्च एकदां ज्याच्या गळ्यांत पडला आहे, त्यास दुसऱ्यांदा हित सांगावयास जातांना हातांत कांहीं घेऊन जावें.

गाडगीळ समितीच्या अहवालांतील ज्या भागाची चर्चा सर्वांत थोडी झाली तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देवराई राखणारा, गांवठी वाण जपणारा, मातींत सेंद्रिय कर्ब वाढविणारा जो शेतकरी आहे त्यास त्या सेवेचा मोबदला द्यावा, असें त्यांत म्हटलें आहे. देवराया याच घाटांतील; वा. द. वर्तक व गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्यांची पाहणी केली तेव्हां कायद्याशिवाय राखलेलें रान म्हणजे काय तें बाहेरच्यांस कळलें. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरानें १९९७ सालीं पाणी गाळण्याचा अब्जावधि डॉलरांचा कारखाना उभारण्याऐवजीं, ज्या कॅट्स्किल डोंगरांतून आपलें पाणी येतें तेथील शेतकऱ्यांशीं करार केला. त्यांनीं गोठ्याची घाण व खतें ओढ्यांत जाऊं द्यावयाचीं नाहींत, काठ राखावयाचे, आणि खर्च शहरानें सोसावयाचा. शहरास हें स्वस्त पडलें.

आपल्याकडे विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांत नायगांवीं पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला त्यांत पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणशीं अर्धा एकर या मानानें, कुटुंबास फार तर अडीच एकर, दिलें. भूमिहीनासही वांटा राहिला आणि ऊंस वर्ज्य ठरला. पाणी डोक्यावर मोजतां येतें, तर पाण्याचा खर्चही मोजतां येईल. पुणें शहराच्या पाणीपट्टींतून, कालव्याच्या आकारणींतून व मार्केट यार्डांतील बाजार फींतून एक ठराविक अंश मुळशी, वेल्हें, भोर, मावळ, आंबेगांव, जुन्नर या तालुक्यांतील पाणलोटाच्या गांवांस मिळावा, अशी आमची सूचना आहे. कायद्यांत यास कोणती वाट आहे तें जाणत्यांनीं पाहावें. ही रक्कम दान नव्हे. वणवा न लावणें, वस्तीवरचा उतार न फोडणें, देवराई न तोडणें या ठरलेल्या कामांची ती मजुरी होय, आणि काम न झाल्यास ती बंदही व्हावी. बागायतदार बंधूंस हें कडू लागेल. परंतु पाटाच्या शेवटच्या टोकास उभा राहून 'पाणी कां येत नाहीं' म्हणून विचारणाऱ्यानें पाटाच्या पहिल्या टोकास काय घडत आहे याबद्दल कांहीं द्यावयास नको, हें न्यायास धरून नाहीं.

वणव्याविषयीं दोन शब्द. माघापासून वैशाखापर्यंत मुळशी-भोरच्या डोंगरांस रात्रीं आगीच्या माळा दिसतात. जाळलें कीं गवत जोमानें फुटतें, हा समज त्याच्या मुळाशीं आहे. पहिले चार कोंब हिरवे दिसतात खरे, पण गोड गवताचें बीं जळतें, कुसळी वाढते, आणि पाचोळा नाहींसा झाल्यानें ज्येष्ठाच्या पहिल्या सरींतच माती निघते. गवत कापून नेणें व कार्तिकांतच गांवाच्या रानाभोंवतीं दहा-पंधरा फूट रुंदीचा जाळपट्टा काढून ठेवणें हा त्यावर उपाय. गांवानें मनावर घेतलें तर आठ दिवसांचें काम आहे.

शेवटीं झऱ्यांची मोजणी कशी करावी तें सांगून थांबतों. कारण आपल्या डोंगराची स्थिति सुधारते आहे कीं बिघडते आहे हें कळण्याचें याहून सोपें साधन नाहीं. झऱ्याच्या तोंडाशीं मातीचा लहानसा बांध घालून पाणी एका पन्हाळींतून पाडावें. खालीं २० लिटरांचा डबा ठेवावा व तो किती सेकंदांत भरतो तें घड्याळावर पाहावें. तीनदां मोजून मधला आंकडा घ्यावा. समजा डबा ४० सेकंदांत भरला, तर झरा मिनिटास ३० लिटर, म्हणजे दिवसास ४३,२०० लिटर देतो. ही मोजणी मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत दर अमावास्येस करावी, शाळेच्या मुलांकडून करविल्यास उत्तम. वहींत तारीख, झऱ्याचें नांव, आंकडा आणि वरच्या रानांत त्या महिन्यांत काय घडलें, वणवा, तोड, चर खणणें, इतकें लिहावें. झरा आटला तर आटल्याचा दिवस अवश्य लिहावा. दोन-तीन वर्षांचीं अशीं टिपणें ज्या गांवांकडे असतील त्यांनीं तीं आमच्याकडे पाठवावींत; आम्ही तीं गांवाच्या नांवानिशीं छापूं, आणि खालच्या तालुक्यांतील वाचकांनीं आपल्या विहिरींच्या पातळीचे आंकडे त्यांशेजारीं मांडून पाहावेत.